मदत हवी आहे: गणिताचं ऑनलाइन टूल न दिसणाऱ्यांना वापरता यावं म्हणून काय काय बदलू?

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं फावल्या वेळात मी बीजगणिताच्या सरावाचं एक छोटं ऑनलाइन टूल सांभाळते आहे. समीकरण समोर येतं, ते पायरी-पायरीने सोडवायचं, उत्तर तपासायचं, हवा तर आलेख काढायचा. मागच्या आठवड्यात एका मुलाने ते माझ्या शेजारी बसून वापरलं. त्याला जन्मापासून दिसत नाही. गणित आवडीचं, कीबोर्डवर हात बसलेला. दीड तासात त्याचं एकही गणित पूर्ण झालं नाही. त्याला येत नव्हतं असं मुळीच नाही, माझं टूल त्याला प्रश्नच धड सांगत नव्हतं. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हा धागा.

काय घडलं ते क्रमाने सांगते. माझी सगळी समीकरणं म्हणजे चित्रं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा वाचक प्रोग्रॅम, त्यांना नुसतं 'ग्राफिक' म्हणतो हे ठाऊक होतं, म्हणून आदल्या रात्री बसून प्रत्येक चित्राला हाताने वर्णन लिहिलं. वर्गसमीकरणाच्या सूत्राला लिहिलं होतं: "एक्स बरोबर वजा बी अधिक किंवा वजा वर्गमूळ बी वर्ग वजा चार ए सी भागिले दोन ए". मला ते बिनचूक वाटलं, कारण लिहिताना सूत्र डोळ्यांसमोर होतं. त्याने ते तीनदा ऐकलं आणि विचारलं, "ताई, वर्गमूळ कुठं संपलं? आणि दोन एने नक्की कशाकशाला भागायचं?"

उत्तर मला माहीत होतं, पण माझ्या वाक्यात ते नव्हतं. वर्गमूळाच्या डोक्यावरची रेघ कुठवर जाते आणि भागाकाराची रेघ केवढी लांब आहे, हे डोळ्यांना आपोआप कळतं. त्या दोन रेघा कंसाचं काम करत असतात आणि माझ्या वर्णनात नेमक्या त्याच गळाल्या होत्या.

मग एक बहुपर्यायी प्रश्न आला. त्यातले 'एक्स + ३' आणि 'एक्स - ३' हे दोन पर्याय त्याला 'एक्स प्लस थ्री' आणि 'एक्स थ्री' असे ऐकू आले. वजाचं खरं चिन्ह न वापरता मी कीबोर्डवरची संयोगरेषा टाकली होती आणि त्याच्या सेटिंगमध्ये वाचक ती गाळत होता. घातांक वर उचलून छापलेला, तोही 'एक्स टू' असाच यायचा. म्हणजे एक्सचा वर्ग की एक्स गुणिले दोन, हे ऐकून ठरवणं अशक्य.

सगळ्यात वाईट वाटलं ते 'तपासा' बटणाचं. उत्तर चुकलं की माझ्या टूलमध्ये चौकट लाल होते आणि कोपऱ्यात दोन सेकंद संदेश झळकतो. त्याने बटण दाबलं, सगळं शांत. बटण लागलं नसेल म्हणून पुन्हा दाबलं. असं चारदा. आणि माझ्या प्रोग्रॅमने त्याच्या खात्यावर चार चुका मांडल्या. आलेखाचं तर बोलायलाच नको, तो कॅनव्हासवर, म्हणजे नुसत्या रंगीत ठिपक्यांनी, काढलेला. वाचकाच्या लेखी तिथे काहीच नव्हतं.

घरी येऊन पान चारशे टक्के मोठं करून पाहिलं. माझा अंकांचा कीपॅड प्रश्नावरच येऊन बसतो. म्हणजे कमी दिसणाऱ्यांचेही हालच.

आता प्रश्न. समीकरणं दाखवायला मॅथजॅक्स किंवा केटेक ही तयार कोड-लायब्ररी घेऊ की सरळ मॅथएमएल, म्हणजे सूत्राची रचना सांगणारी खुणांची भाषा, लिहू? उत्तर टाइप करायला दृश्य संपादक (सूत्र छापल्यासारखं दिसत जाईल असा) ठेवू की साधी एक ओळ? आलेख ऐकवायचा कसा? आणि हे सगळं मराठीत बोलवायचं असेल तर शब्द कोणते? स्वतः स्क्रीन रीडर किंवा पडद्यावरचं भिंग वापरणाऱ्यांनी लिहिलं तर फार बरं होईल. मी इतके दिवस त्यांना न विचारताच अंदाज बांधत आले.

प्रतिसाद १

मी स्क्रीन रीडर वापरतो आणि प्रोग्रॅमिंग हेच माझं काम आहे. तुमच्या बटणासारखी बटणं रोज भेटतात, त्यामुळे ते चार क्लिक वाचून पोटात कालवलं.

वर्गमूळाच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यातूनच निघतं. वर्णन कितीही काळजीपूर्वक लिहा, ते एका दमात येतं आणि विरून जातं. दिसणारा माणूस सूत्र वाचताना नजर पाच-सहा वेळा मागे-पुढे नेतो. आधी पूर्ण आकार बघतो, मग छेद, मग पुन्हा वर्गमूळाच्या आत. तशी ये-जा मला बोटांनी करता आली पाहिजे. त्यासाठी सूत्राची रचना पानात हवी, म्हणजेच मॅथएमएल. त्याची पहिली शिफारस वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने १९९८ मध्ये केली. फायरफॉक्स आणि सफारीत ते बरीच वर्षं चालतंय, क्रोममध्ये जानेवारी २०२३ च्या १०९ व्या आवृत्तीपासून चालतं.

विंडोजवर मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, त्याच्या जोडीला सूत्रं बोलून दाखवणारं मॅथकॅट. दोन्ही मोफत आहेत. सूत्रावर आलो की एनव्हीडीए की, ऑल्ट आणि एम एकत्र दाबतो आणि आत शिरतो. खालचा बाण एक पायरी आत नेतो, वरचा बाहेर काढतो, डावा-उजवा शेजारच्या पदावर. तुमचं सूत्र असं ऐकलं की आधी 'अपूर्णांक' कळतो, मग अंश वेगळा, छेद वेगळा. वर्गमूळात शिरलो की तिथून बाहेर पडेपर्यंत मी वर्गमूळातच असतो. त्या मुलाचे दोन्ही प्रश्न इथेच सुटतात.

मॅथजॅक्स घेतलंत तर अशी ये-जा त्यातच मिळते, सूत्र बोलून दाखवण्याचे नियमही सोबत येतात. केटेक दिसणारं सूत्र वाचकापासून लपवतं आणि शेजारी न दिसणारं मॅथएमएल ठेवतं. वेग वाढवायला म्हणून कुणी सेटिंगमध्ये फक्त एचटीएमएल निवडलं असेल तर ते मॅथएमएल जातं, तेवढं तपासा. आणि एक विनंती, सूत्रावर वरून आरिया-लेबल (वाचकासाठी कोडमध्ये लिहिलेलं वर्णन) चिकटवू नका. मग बहुतेक वेळा तेच वाक्य ऐकू येतं आणि आतली रचना हाती लागत नाही. चांगल्या हेतूने केलेला हा घोटाळा मी सर्वांत जास्त पाहिलाय.

ब्रेलही लक्षात ठेवा. गणिताची नेमेथ ब्रेल लिपी १९५२ मध्ये आली, ती करणारे अब्राहम नेमेथ स्वतः अंध गणितज्ञ होते. मॅथकॅट आणि मॅथजॅक्स दोन्ही ती देतात, पण त्यांनाही आधी मॅथएमएल लागतं. लांबलचक समीकरण सोडवताना मला आवाजापेक्षा बोटांखालची ओळ बरी पडते, कारण ती जागची हलत नाही.

'तपासा'साठी एक रिकामी आरिया-लाइव्ह जागा (जिथला बदललेला मजकूर वाचक आपणहून बोलतो) पान उघडल्यापासूनच ठेवा आणि निकाल त्यात लिहा. ती जागा आयत्या वेळी तयार केली तर पुष्कळदा वाचकाला पत्ता लागत नाही. तोच संदेश पुन्हा द्यायचा असेल तर आधी पुसून मग लिहा, मजकूर बदलला नाही तर वाचक गप्प बसतो. नुसतं 'चूक' म्हणू नका, 'दुसऱ्या पायरीत उजव्या बाजूचं चिन्ह तपासा' असं म्हणा. आणि उत्तर बदललेलं नसेल तर पुन्हा दाबलेलं बटण चूक म्हणून मोजू नका.

उत्तर लिहायला दोन्ही सोयी द्या. मला साधी ओळ आवडते: भागाकाराला तिरपी रेघ, घाताला टोपी, कंस हाताने. खाली त्याचंच मॅथएमएल दिसू द्या, म्हणजे मी जे लिहिलं तेच टूलला कळलं की नाही हे मला पाहता येतं. दृश्य संपादक ठेवलात तर कर्सर छेदात उतरला, घातातून बाहेर आला, हे तिथल्या तिथे बोललं गेलं पाहिजे. नाहीतर मी एक भागिले एक्स अधिक दोन लिहितो आणि तो 'अधिक दोन' छेदात पडला की बाहेर, हे निकाल लागल्यावर कळतं.

आलेखासाठी डेसमॉस हे ऑनलाइन आलेखाचं टूल एकदा डोळे मिटून वापरा. ऑल्ट आणि टी दाबून रेषेवर जा, मग एच दाबा. आवाज डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे सरकतो, रेषा वर गेली की सूर चढतो, खाली आली की उतरतो, आणि ती एक्स-अक्षाच्या खाली गेली की मागे खरखर सुरू होते. सोबत किमतींचा तक्ता मात्र हवाच. सूर आकार सांगतो, आकडा सांगत नाही.

प्रतिसाद २

मी शिकवते, मला थोडं दिसतं आणि पडदा मोठा करूनच काम चालतं. कमी दिसणाऱ्यांचा उल्लेख तुमच्या धाग्यात एका परिच्छेदात आटोपला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पडदा मोठा केला की मला एका वेळी तळहाताएवढा तुकडा दिसतो. तुमचा आलेख म्हणजे माझ्यासाठी एक तिरकी रेघ. अक्ष कुठे, एकक केवढं, काही नाही. म्हणून मी जिथे आहे तिथले एक्स आणि वायचे आकडे माझ्यासोबत सरकत राहिले पाहिजेत. कोपऱ्यातला तुमचा संदेश माझ्या तुकड्याच्या बाहेर झळकतो आणि विझतो, म्हणजे या बाबतीत माझी आणि त्या मुलाची गत एकच. संदेश उत्तराच्या चौकटीला लागून लिहा आणि मी उत्तर बदलेपर्यंत राहू द्या.

डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची नियमावली, वाचली नसेल तर जरूर वाचा. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा, आलेखाच्या रेषांना किमान ३ ला १. ३२० पिक्सेल रुंदीत पान आडवं न सरकवता वाचता यावं, म्हणजे १२८० च्या पडद्यावर तुम्ही करून पाहिलेले चारशे टक्केच. आलेखाला यातून सूट आहे, पण प्रश्नाच्या मजकुराला आणि कीपॅडला नाही. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत आणखी एक कामाची गोष्ट आली: जे ओढून करायचं ते न ओढताही करता आलं पाहिजे. आलेखावरचा बिंदू माऊसने पकडून सरकवणं मला कधीच जमलेलं नाही, तिथे आकडा टाइप करायला चौकट द्या.

दोन रेषा फक्त लाल-हिरव्या ठेवू नका. एक सलग, एक तुटक, आणि नाव रेषेजवळ. मी विंडोजची काळी, ठळक रंगसंगती लावते. एसव्हीजीमधले (रेषा-आकारांच्या वर्णनातून काढलेल्या चित्रातले) रंग त्या संगतीनुसार बदलायची सोय करता येते. कॅनव्हासवर काढलेलं आपणहून बदलत नाही आणि मोठं केलं की फाटतं. आणि मोबाइलवर झूम बंद करणारी ती एक ओळ कोडमध्ये असेल तर आज रात्रीच काढून टाका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. झूमची ओळ होती, काढली. चित्रं जाऊन मॅथजॅक्स आलं, वजाची चिन्हं सुधारली, 'तपासा' बोलू लागलं, त्याच्या नावावरच्या चार चुका पुसल्या. आलेख एसव्हीजीत नेला आणि ब्राउझरमधली वेब ऑडिओची सोय वापरून त्याला सूर दिला.

मराठीत बोलवताना मात्र अडले आहे. मॅथजॅक्समध्ये हिंदीचे नियम आहेत, त्यावरून मराठीचे लिहू म्हटलं, तर आपल्या भाषेची अडचण वेगळीच निघाली. इंग्रजीत 'स्क्वेअर रूट' आधी येतं, त्यामुळे ते संपलं कुठे हे कळत नाही. आपण 'एक्स अधिक दोनचं वर्गमूळ' म्हणतो, म्हणजे ते सुरू कुठे झालं हेच कळत नाही. दोनचंच की दोन्हींचं? 'ए अधिक बीचा वर्ग'चीही तीच तऱ्हा. वर्गात 'होल स्क्वेअर' म्हणून वेळ मारून नेतात, पण तोही शब्द शेवटी येतो. ऐकणाऱ्याला ऐकलेलं सगळं मागे जाऊन पुन्हा जुळवावं लागतं.

प्रतिसाद १

हे नेमकं पकडलंत. बोली सोडा आणि खूण आधी द्या: 'वर्गमूळ सुरू, एक्स अधिक दोन, वर्गमूळ पूर्ण'. 'अपूर्णांक, अंश अमुक, छेद तमुक, अपूर्णांक पूर्ण'. आत एकच अक्षर किंवा आकडा असेल तर सुरू-पूर्ण गाळा. 'एक्सचा वर्ग' आणि 'दोन छेद तीन' हे आहे तसंच राहू दे, नाहीतर ऐकणारा थकतो. सरावलेल्या माणसाला 'सुरू' आणि 'पूर्ण'च्या जागी छोटे दोन ठोके निवडता आले तर आणखी उत्तम. टी. व्ही. रामन यांनी १९९४ च्या प्रबंधात, स्वतः अंध असताना, गणित वाचणारी जी प्रणाली मांडली तिच्यात घातांक वरच्या पट्टीत बोलला जायचा. शब्द न वाढवता अर्थ पोचवायची ती वाट अजूनही फार कुणी नीट वापरलेली नाही.

धागाकर्ती

काल तो मुलगा पुन्हा आला होता. त्याच सूत्रावर गेला, आत शिरला, खालच्या बाणाने अंश, मग वर्गमूळ, मग बाहेर, मग छेद. दोनदा तीच वाट चालला आणि म्हणाला, "म्हणजे दोन ए सगळ्याच्याच खाली आहे." मग स्वतःहून एक्सचा वर्ग वजा चारचा आलेख लावला. सूर उतरत आला, खरखर सुरू झाली, तळाला जाऊन सूर परत चढला, खरखर थांबली. तक्ता उघडायच्या आधीच त्याने सांगितलं की उकली खरखरीच्या दोन टोकांना आहेत. मग तक्त्यात वजा दोन आणि दोन शोधून काढले.

पुढचं त्यानेच मागितलंय: दोन रेषा एकदम ऐकायच्या आणि त्या कुठे छेदतात ते कानाने ओळखायचं. दोन वेगळ्या वाद्यांचे आवाज देऊन पाहिले, पण सूर जवळ आले की एकमेकांत मिसळतात. एक रेष डाव्या कानात, दुसरी उजव्या कानात दिली तर आवाज सरकण्यावरून कळणारा एक्स हातचा जातो. कुणी असं काही केलं असेल तर सांगा, मी दोन्ही नमुने तयार ठेवले आहेत.