कुलूप लावलेल्या घराशी नातं उरतं का?

कौलारू_फोंडा:
आमचं व्हडलें घर, म्हणजे वाडवडिलांचं मोठं घर, गोव्यात फोंड्याजवळ, जांभ्या चिऱ्याचं, मधे राजांगण म्हणजे आतलं मोकळं अंगण आणि तुळस. घरात कुणी वाईटसाईट बोललं की आजी लगेच दटावायची, "वास्तू तथास्तु म्हणते हो". मला ते आता अगदी खरं वाटतं, घर हे आपल्यासोबत राहणारं कुणीतरी असतं. माणूस निघून गेलं की दोन पावसांत वाळवी चढते, वासे वाकतात, आणि चतुर्थीला उघडून माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळापानांची मांडणी) बांधली, चूल पेटली की त्याच घराला पुन्हा आवाज येतो. न्यूझीलंडचे माओरी तर आपल्या सभाघराला पूर्वजाचं शरीरच मानतात, आढं म्हणजे कणा, वासे म्हणजे बरगड्या. कुलूप लावून निघून जाणं म्हणजे त्याला टाकणं आहे.

पेडण्याची_सून:
नाही पटलं. घराला जीव आहे म्हणायचं आणि त्याची सेवा कोण करतं ते बघायचं नाही? माझ्या सासूबाईंनी 40 वर्षं शेणाने सारवलं, मेमध्ये कौलं परतवून घेतली, पावसाआधी भिंतीला झावळ्या बांधल्या, गुडघे गेले त्यांचे. मुंबईचे दीर चतुर्थीला येतात, खांबाला हात लावून डोळे पुसतात आणि कौलांच्या खर्चाचा विषय निघाला की गप्प. विकायचं म्हटलं तर सगळ्या वारसांच्या सह्या, त्यांच्या बायकांच्याही, गोव्याचा कायदाच तसा. टाकलं कुणी कुणाला? घर चांगली वस्तू आहे, पण वस्तूच. आधी माणसं जपा.

चिरा_आणि_चुना:
जीवाचं मला माहीत नाही, पण स्वभाव असतो हे साइटवर रोज बघतो. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, हवेवर टणक होतो, तरी पाणी पितोच. चुन्याचा गिलावा ती ओल परत बाहेर सोडतो, सिमेंटचा आत कोंडतो, मग पापुद्रे सुटतात आणि लोक म्हणतात घर जुनं झालं. जुन्या गोव्याचं बॉम जेझूस बघा, 1605 चं चर्च, 1950 च्या दशकात गिलावा काढून चिरा उघडा केला, तेव्हापासून आपला पाऊस थेट अंगावर. काढणाऱ्यांनाही त्या वास्तूबद्दल प्रेमच असेल, पण तिला काय सोसतं ते बघायला हवं होतं. म्हणून प्रेमाआधी ओळख करून घ्या.

पेडण्याची_सून:
हे पटतं. पण ओळख करून घ्यायला तिथे राहावं लागतं, आणि राहते ती एकटी बाई.

कौलारू_फोंडा:
ताई, तुमचं वाचून आजीचे हात आठवले. सारवलेलं अंगण आम्ही बघितलं, हात दुखतात का ते कधी विचारलं नाही, चूक आमचीच. तरी 'वस्तू' म्हणायला जीभ वळत नाही माझी. यंदा चुलतभावांनी मिळून कौलांचा खर्च हिश्श्याने द्यायचा आणि मेमध्ये पाळीपाळीने तिथे राहायचं असं ठरवतोय, एकाने अजून होय म्हटलेलं नाही, त्याच्याशी रविवारी बोलतो. मागच्या भिंतीला आम्हीच सिमेंट थापलंय, ते काढायला चुन्याचं काम जाणणारा गवंडी फोंड्याच्या बाजूला कुणाच्या माहितीत आहे का?