इनामगावची खापरे अभ्यासासाठी पाहायची असल्यास अर्ज कसा करावा?

खापरवेडी:

नमस्कार. मी पुरातत्त्वाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून माझे महाविद्यालय पुण्याबाहेरचे आहे. लघुप्रबंधासाठी मी इनामगावची (ता. शिरूर, जि. पुणे) मृद्भांडी निवडली आहेत. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे केलेल्या उत्खननात माळवा, आरंभीचा जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे ताम्रपाषाण युगातील (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरली जाण्याच्या काळातील) तीन कालखंड मिळाले. यांपैकी आरंभीच्या जोर्वे काळातील भांडी चाकावर घडवलेली, तांबूस-नारिंगी पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली आणि टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी असतात, तर उत्तर जोर्वे काळात, म्हणजे साधारणपणे इ.स.पू. १००० नंतर, तीच परंपरा जाडीभरडी होत जाते. हा फरक मातीमुळे पडला की भाजणीमुळे, हे मला पाहायचे आहे.

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाच्या दालनात काचेआड मांडलेली निवडक भांडी कोणालाही पाहता येतात. मला मात्र भांडारात ठेवलेली फुटकी खापरे हवी आहेत. बाहेरच्या विद्यार्थिनीला ती पाहू देतात का, आणि परीक्षणासाठी एखादा तुकडा मिळू शकतो का? अर्जात नेमके काय लिहावे, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.

जुनी नोंदवही:

मी बरीच वर्षे एका विद्यापीठीय संग्रहालयाच्या भांडारात काम केले आहे (डेक्कन कॉलेजमध्ये नव्हे), त्यामुळे तेथील सध्याचे नियम तुम्ही त्यांच्या पुरातत्त्व विभागाकडूनच समजून घ्या. मात्र टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याला अर्ज कसा दिसतो, हे मला सांगता येईल.

‘इनामगावची जोर्वे खापरे पाहायची आहेत’ असा अर्ज आला की आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो, कारण पंधरा वर्षे चाललेल्या उत्खननातली खापरे म्हणजे पिशव्यांवर पिशव्या आणि पेट्यांवर पेट्या. त्यांतल्या कोणत्या काढायच्या? तेव्हा अर्जापूर्वी ग्रंथालयात बसा. ढवळीकर, सांकळिया आणि अन्सारी यांचा १९८८चा उत्खनन अहवाल आधी वाचा, आणि त्याबरोबर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकातल्या त्या त्या वर्षाच्या नोंदीही पाहा. त्यांवरून कोणते चर (उत्खननाचे खड्डे), कोणते थर आणि कोणती घरे तुमच्या उपयोगाची आहेत हे ठरवा आणि तेवढीच यादी अर्जाला जोडा. दोन कालखंडांचे थर एकाच चरात एकावर एक मिळाले असतील, अशी जागा निवडल्यास तुलना अधिक भक्कम होईल.

अर्जाबरोबर मार्गदर्शकांचे पत्र विभागप्रमुखांच्या सहीने पाठवा. किती दिवस येणार, छायाचित्रे घेणार का, नुसती मापे आणि रेखाटने करणार की तुकडा कापणार, हेही स्पष्ट लिहा. पाहण्याची परवानगी आणि कापण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पहिल्याच भेटीत मागू नका.

आणखी एक सांगतो. खापरावर काळ्या शाईने बारीक अक्षरांत स्थळाचे लघुनाम, चर आणि थर लिहिलेला असतो, आणि पिशवीत एक चिठ्ठी असते. आमच्याकडे एका आदरणीय संशोधकांनी चार पिशव्या एकाच टेबलावर ओतल्या आणि परत भरताना चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. ती चूक निस्तरायला आम्हाला एक उन्हाळा लागला. त्यामुळे एका वेळी एकच पिशवी उघडायची, ही सवय आधी लावून घ्या.

भट्टीचा धूर:

मी मृद्भांड्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करतो. वर दिलेला सल्ला योग्यच आहे. मी तुमच्या प्रश्नाच्या मांडणीविषयी लिहितो.

थिन सेक्शन म्हणजे खापराचा सुमारे ०.०३ मि.मी. जाडीपर्यंत घासलेला काप. त्यातून खनिजे, माती मळताना मिसळलेली वाळू किंवा भुसा आणि पोकळ्या दिसतात. मात्र ‘माती कुठून आणली’ या प्रश्नावर त्याची फार भिस्त ठेवू नका. घोड, भीमा, प्रवरा या सगळ्याच खोऱ्यांत खाली बेसाल्ट हा काळा खडक आहे, आणि त्याच्यापासून झालेली माती व वाळू सूक्ष्मदर्शकाखाली बरीच सारखी दिसते. राजस्थानातल्या किंवा कोकणातल्या जांभ्याच्या प्रदेशातल्या खापरांबाबत जे जमते, ते येथे जमेलच असे नाही.

भाजणीचा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत चांगला सुटू शकतो. नखाएवढा कपचा वाढत्या तापमानाला पुन्हा भाजून त्याचा रंग आणि कठीणपणा कोठे बदलू लागतो, हे पाहिले की मूळ भाजणी साधारण किती अंशांची होती याचा अंदाज येतो. त्यासाठी खापर मोठे लागत नाही. इनामगावला आरंभीच्या जोर्वे काळातली कुंभाराची गोल भट्टीही मिळालेली आहे, तेव्हा तुमच्या निष्कर्षांना ताडून पाहायला जागेवरचा पुरावा आहे. ही सोय फार थोड्या स्थळांना लाभलेली आहे.

परवानगी लवकर मिळावी म्हणून एक सुचवतो: थर न समजणारी, वरच्या पृष्ठभागावरून गोळा केलेली खापरे मागा. ती कापायला संग्रहालये सहसा कां कूं करत नाहीत.

जुनी नोंदवही:

शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. हात बसवण्यासाठी पृष्ठभागावरची खापरे ठीक आहेत, परंतु या मुलीचा सगळा प्रश्नच काळानुसार झालेल्या बदलाचा आहे. थर माहीत नसलेले जाडेभरडे खापर उत्तर जोर्वे काळातले समजून कापायचे आणि त्यावरून उत्तर जोर्वे काळात भाजणी खालावली असे म्हणायचे, हे आपणच ठेवलेले आपणच शोधून काढण्यासारखे आहे. जाडीभरडी भांडी आरंभीच्या काळातही रांधपासाठी असतातच. कमी तुकडे मागा, पण थर ठाऊक असलेलेच मागा.

भट्टीचा धूर:

मान्य. माझी सूचना सरावापुरतीच समजावी. तुलना करताना आकारही सारखेच घ्यावेत, म्हणजे तोटीच्या भांड्याशी तोटीचे भांडे आणि वाडग्याशी वाडगा. नाहीतर काळाचा फरक आणि वापराचा फरक यांची गल्लत होईल. दोन्ही काळांतले पुरेसे मिळत असतील तर वाडगेच निवडलेले बरे.

उरलेला तुकडा, काप आणि परीक्षणाचे आकडे मूळ क्रमांकासह संग्रहालयाला परत करण्याची हमी अर्जातच द्यावी. त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्याला तेच खापर पुन्हा कापावे लागत नाही. परदेशातल्या प्रयोगशाळेचा विचार असेल तर मार्गदर्शकांशी आधी बोला, कारण पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या कायद्याने कडक निर्बंध आहेत.

मोडीवाचक:

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. डेक्कन कॉलेजमध्येच मराठा इतिहासाचेही संग्रहालय आहे. इतिहास-संशोधक द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ साली तेथे आला. मी कागदपत्रांवर काम करतो, आणि आमच्याकडेही अनुभव तोच आहे: ‘पेशवाईतली पत्रे दाखवा’ म्हणणारा ताटकळत बसतो, आणि रुमालाचा (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक सांगणाऱ्यापुढे थोड्याच वेळात रुमाल येतो.

खापरवेडी:

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून अहवाल घेऊन बसले आहे. दोन्ही काळांचे थर सलग असलेले दोन चर सापडले आहेत आणि त्यांतून प्रत्येक काळाचे दहा याप्रमाणे वाडग्यांचे वीस काठ मागावेत, असा विचार आहे. पहिल्या अर्जात केवळ पाहणे, मोजणे आणि रेखाटणे एवढेच लिहीन. काठाची जाडी मोजायला साधा व्हर्निअर कॅलिपर चालेल ना, की खापरावर ओरखडा पडू नये म्हणून प्लॅस्टिकचाच घ्यावा?

जुनी नोंदवही:

प्लॅस्टिकचाच घ्या. आणि रेखाटनासाठी पेन्सिलच आणा. भांडारात शाईचे पेन मी तरी कोणाला उघडू दिले नसते.