मदत हवी आहे: पातं वाकलं की तलवारबाजीतल्या इपी तलवारीचा दिवा लागत नाही, शिवाय मूठही बदलायची आहे

तिरकस:
पातं सरळ असताना टोक दाबलं की गुण दाखवणाऱ्या यंत्राचा दिवा लागतो. पातं कमानीसारखं वाकलं की कधी लागतो, कधी नाही. टोकाच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या टाकल्या, चाचणीचं 750 ग्रॅमचं वजन टोक नीट उचलतं, तरी तेच. टोक दाबून मल्टिमीटरवर 1.4 ओहम येतात. हीच बॉडी कॉर्ड (इपीला यंत्राशी जोडणारी वायर) दुसऱ्या इपीवर ठीक चालते. तार नवीच घालावी का? त्याच खटाटोपात फ्रेंच (सरळ) मूठ काढून पिस्तूल (बोटांच्या पकडीसाठी आकार दिलेली) मूठ बसवायची आहे. टँग (पात्याचा मुठीतून जाणारा दांडा) कापावा लागेल ना? व्हाइस, कानस, एम6 ची डाय (आटे पाडायचं हत्यार) घरी आहे.

पाव_मिलिमीटर:
तार उपटायची घाई नको, आधी टोक हिशेबातून बाद करा. दोन्ही बारीक स्क्रू काढून टोक बाहेर घ्या आणि बॅरलच्या (टोक ज्यात बसतं ती नळी) तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइलची गोळी दाबून बसवा, म्हणजे दोन्ही संपर्क जोडले जातील. आता गार्डच्या (हात झाकणारी वाटी) आतल्या सॉकेटची मधली पिन आणि तिच्यापासून 15 मिमीवरची पिन यांवर मीटर लावून पातं वाकवा. आकडा उडाला तर दोष टोकात नाही. मग पातं स्थिर ठेवून फक्त गार्डच्या आतली तार हलवून बघा. तिथेच तुटलेली निघाली तर पात्याला हात लावायची गरज नाही. 20 मिमीवरची पिन गार्डची, तिचा बाकी दोघींशी कधीच संपर्क दिसता कामा नये. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करायला विसरू नका, मर्यादा 2 ओहमची आहे.

तिरकस:
वायरींचे 0.3 वजा जाता 1.1. गोळी घालून वाकवलं तरी सर्किट तुटतं, सॉकेटपाशी हलवून काही होत नाही. टोकापासून साधारण वीतभर अंतरावर तार खोबणीतून चार सेंमी वर आलेली दिसतेय.

कानस:
मग तारच गेली. पातं सर्वांत जास्त वाकतं त्या भागात गोंद सुटतो, तार मोकळी होऊन दर वेळी ताणली जाते आणि आतलं तांबं तुटतं. वरचं आवरण शाबूत राहतं, म्हणून सरळ पात्यात टोकं टेकतात आणि दिवा लागतो. तेवढाच तुकडा परत चिकटवून भागणार नाही.

बॅरल काढताना उघड्या पकडीने आवळू नका. बॅरल जराशी जरी लंबगोल झाली तर टोक आत अडकून बसतं आणि नव्या स्प्रिंगा घालूनही सुटत नाही. पातं लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये व्हाइसमध्ये धरा आणि बॅरलसाठी तिचाच पाना वापरा. जुना गोंद अ‍ॅसिटोनने मऊ करून खोबण खरवडा. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. गोंद जाळून काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. धूर विषारी असतोच, शिवाय पोलादाचं पाणी उतरतं आणि ते पातं पुढे कुठेही मोडू शकतं. खोबण साफ झाली की भिंगाखाली बघा. आडवी तडा दिसली तर पातं टाकून द्या. वेल्डिंग हा उपायच नाही.

नव्या तारा बॅरलमधून ओवून कप (तारांच्या टोकाशी असलेला संपर्कांचा तुकडा) तळाशी नीट बसवा. बॅरल फिरवताना कप फिरू देऊ नका, नाहीतर तारा आट्यांत कातरल्या जातात. मग दोरी बांधून पातं धनुष्यासारखं वाकवा, खोबण बाहेरच्या बाजूला. अशाने ताणलेल्या तारा आपोआप खोबणीच्या तळाशी बसतात. उलटं वाकवलंत तर त्या वर उचलल्या जातील. पाण्यासारखं पातळ सुपर ग्लू थेंबाथेंबाने घाला. पहिले पाचेक सेंमी टोक किंचित वर ठेवून करा, कारण गोंद ओघळून कपात गेला की सगळी मेहनत वाया. लवकर सुकवायचा स्प्रे मी तरी वापरणार नाही, गोंद ठिसूळ होतो. एक रात्र तसंच राहू द्या.

गार्डच्या भोकापासून सॉकेटपर्यंत दोन्ही तारांवर स्लीव्ह (वीज अडवणारी बारीक नळी) हवी, आणि थोडी ढिलाई. स्क्रूखाली तार घड्याळाच्या दिशेने गुंडाळा; उलटी गुंडाळली तर आवळताना बाहेर ढकलली जाते. आधी टोकावरचं आवरण बारीक पॉलिश पेपरने काढा.

मुठीचं: हो, टँग कापावा लागेल, आणि एकदा कापला की फ्रेंच मूठ परत बसणार नाही. गार्ड, पॅड, मूठ चढवून खूण करा, नटात निदान सहा आटे बसले पाहिजेत. काप आट्यांच्या अलीकडे, बिनआट्याच्या भागावर येणार असेल तर डायने नवे आटे पाडा. कापण्याआधी डाय खुणेच्या पलीकडे चढवून ठेवा, उतरवताना कापाची बर (कडेला राहिलेला खरखरीत धातू) साफ होते. टँगला मुठीच्या भोकात जागा कमी वाटली तर भोकाला कानस मारा, टँगला नाही.

पाव_मिलिमीटर:
मूठ बदलताना गार्डही रंगवायचा मोह होतो. इपीच्या गार्डला बाहेरून रंग नको. रंगाने गार्डचा धातू झाकला जातो आणि समोरच्याचं टोक तुमच्या गार्डवर आपटलं तरी त्याचा दिवा लागतो.

तिरकस:
तार झाली. वाकवून बघितलं, 0.8 ओहम, आकडा हलत नाही. पण आता 0.5 मिमीची पट्टी घालून टोक दाबलं तरी दिवा लागतो, तो लागायला नको. 1.5 ची पट्टी नीट जाते.

कानस:
संपर्काची छोटी स्प्रिंग लांब पडतेय, म्हणून ती लवकर टेकते. टोकात अर्धा फेरा आत फिरवा, दर वेळी पट्टी लावून बघा. फार आत गेली तर दिवाच लागणार नाही, तेव्हा थोडी बाहेर ओढा. मोठ्या स्प्रिंगला हात लावू नका, 750 ग्रॅम तिच्यावर आहेत.