अनुभव धागा: स्वतंत्र गाईड आणि अर्ध्या दिवसाचा राजवाडा

दिवाळीनंतर आम्ही माहीमचे चौघे कुठल्यातरी राजवाड्याला जाणार आहोत. फक्त आपल्या कुटुंबापुरता गाईड ठरवायचा आणि सकाळचे किंवा दुपारचे चार-पाच तास एकाच वास्तूला द्यायचे, असा बेत आहे. यापूर्वी गटसहलीत पाहिलेल्या राजवाड्यांपैकी मला बसची सुटण्याची वेळ तेवढी आठवते. स्वतंत्र गाईडला पैसे मोजावेत की तिकिटासोबत मिळणारे, कानाला लावून माहिती ऐकायचे यंत्र पुरे, यावर घरात दोन पक्ष पडले आहेत. ज्यांनी असा दौरा केला आहे, त्यांनी कोणता राजवाडा पाहिला, वेळ कसा गेला आणि पैसे कुठे वाया गेले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

विलेपार्ले, निवृत्त चित्रकला शिक्षिका

वडोदऱ्याचा लक्ष्मी विलास राजवाडा मुंबईकराला एका दिवसात जाऊन-येऊन जमतो, कारण पहाटेची गाडी चार-साडेचार तासांत तिथे पोहोचवते. तिथे तिकिटासोबत यंत्र मिळतेच, त्यामुळे आमचे हे गाईडला मुळीच तयार नव्हते. मी माझ्या पेन्शनमधून देते, असे म्हटल्यावर वाद मिटला.

आमचे गाईड सत्तरीकडे झुकलेले, स्वच्छ मराठी बोलणारे बडोदेकर होते. त्यांनी आम्हाला पहिली वीस मिनिटे आत जाऊच दिले नाही. हिरवळीच्या कडेला उभे करून घुमट, कमानी, छज्जे आणि मधला उंच मनोरा एकेक करून दाखवला, आणि मेजर चार्ल्स मँट यांनी केलेल्या आराखड्यावर 1878 मध्ये काम कसे सुरू झाले, 1881 मध्ये मँट वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी ते हाती घेऊन 1890 मध्ये कसे तडीस नेले, हे सांगितले. मग सहज विचारले, "बाई, माहेर कुठले?" मी कोल्हापूर म्हणताच ते हसले आणि म्हणाले, "मग तुम्ही मँटसाहेबांना लहानपणापासून ओळखता." कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँट यांचा. काळ्या दगडाच्या त्या इमारतीवरून आणि तिच्या अष्टकोनी घड्याळाच्या मनोऱ्याखालून मी शाळेच्या वयात शेकडो वेळा गेले असेन, पण तो कोणी बांधला हे विचारावे असे कधी सुचले नव्हते. त्यानंतर बडोद्याच्या कमानींकडे मी निराळ्याच नजरेने पाहू लागले. यंत्राला मी कोल्हापूरची आहे हे कळायला मार्ग नव्हता.

आत फोटो काढू देत नाहीत आणि राजघराणे तिथे अजून राहत असल्यामुळे मोजकीच दालने पाहता येतात, हे आधी ठाऊक असलेले बरे. दरबार हॉलमध्ये सगळे जण वर रंगीत काचांकडे पाहत उभे असतात. गाईडनी आम्हाला खाली पाहायला सांगितले. व्हेनिसच्या पद्धतीची ती मोझाइक जमीन दुरून सतरंजीसारखी सपाट दिसते, पण वाकून पाहिल्यावर एकेका फुलाच्या पाकळीत एकाच रंगाच्या चार-पाच छटांचे तुकडे शेजारी शेजारी बसवलेले दिसतात. शिकवताना मुलांना ज्याला मी छायाभेद म्हणत असे, तो तिथे तुकड्यांत होता.

शेवटचा तास त्यांनी आवारातील महाराजा फतेसिंह संग्रहालयासाठी आग्रहाने राखून ठेवला होता, कारण राजा रविवर्मांची चित्रे शांतपणे पाहायची तर ती तिथेच. रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. माझ्या सासूबाईंच्या देवघरात तसाच एक पिवळा पडलेला कागद चौकटीत होता. मूळ तैलरंगातील रेशमाची घडी पाहिल्यावर त्या कागदावर किती उतरले आणि किती हरवले, ते समजले. गाईडचे अठराशे रुपये आमच्या ह्यांनी स्वतःच दिले.

डोंबिवली

वरील अनुभवाला एक छोटी पुस्ती जोडतो. हा राजवाडा बांधून घेणारे सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. 1875 मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. आमचे गाव त्याच भागातले. मी हे बोलून दाखवल्यावर आमच्या तरुण गाईडने ठरलेली माहिती बाजूला ठेवली आणि शेतकऱ्याच्या घरातला मुलगा राजा म्हणून कसा घडवला गेला, याच एका सूत्रावर उरलेला दौरा केला. तेव्हा आपण कुठून आलो आहोत, हे गाईडला सुरुवातीलाच सांगावे.

मुलुंड

माझा अनुभव निम्मा चांगला आणि निम्मा मनस्ताप देणारा आहे. जयपूरचा सिटी पॅलेस आम्ही आईला घेऊन पाहिला. तिचे गुडघे दुखतात, म्हणून एका प्रवास कंपनीकडून गाडी आणि गाईड असे एकत्र ठरवले. गाईडला विषयाची जाण होती, हे मान्य करायला हवे. राजवाड्यावर एक पूर्ण झेंडा आणि त्याच्यावर एक पाव झेंडा असे दोन फडकतात. 'सवाई' म्हणजे सव्वा, इतरांपेक्षा पावपट अधिक, हे त्याने सांगताच आई म्हणाली, "म्हणजे आपले सवाई माधवराव." पुढचा पाऊण तास ती गुडघा विसरून त्याच्या मागोमाग चालत होती.

दिवाण-ए-खासमधील चांदीच्या दोन प्रचंड घागरी तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. प्रत्येकीचे वजन 345 किलो आणि उंची सुमारे 1.6 मीटर. सवाई माधोसिंह दुसरे 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा समुद्र ओलांडण्याचा दोष टाळावा म्हणून त्यांनी पिण्यासाठी यांतून गंगाजल नेले. ते जिथून जहाजात बसले ते बंदर आपल्या मुंबईचे. 'ऑलिम्पिया' नावाचे आख्खे जहाज त्यांनी भाड्याने घेतले होते. घागरीत माझे प्रतिबिंब पोट सुटलेले दिसत होते आणि मागे आई उभी होती. हजारो लिटर पाणी भरलेली ही वस्तू बंदरावर उचलली कोणी असेल, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर गाईडकडेही नव्हते.

आता मनस्ताप. चंद्रमहालाच्या वरच्या खाजगी दालनांचे तिकीट वेगळे आणि बरेच महाग असते. ते आम्ही घेणार होतो, पण गाईड सारखे घड्याळ पाहून "वरती जिने फार आहेत, माताजींना त्रास होईल" असे म्हणत राहिला. त्याचे म्हणणे खरे मानून आम्ही बाहेर पडलो, तर त्याने गाडी थेट छापील कापडाच्या एका दुकानाकडे वळवली. तिथे एक तास दहा मिनिटे गेली. आईला चहा, मला थंड पेय आणि समोर रजयांचा ढीग. जो वेळ वरच्या मजल्यांना मिळायचा होता तो दुकानाला मिळाला, कारण तिथे त्याचे कमिशन होते. दोष माझाही आहे. गाडीत बसण्यापूर्वी "दुकान नको" असे मी लेखी कळवायला हवे होते. पुढच्या वेळी मी दारावरच, पर्यटन खात्याचे ओळखपत्र असलेला गाईड स्वतः पाहून घेतला आणि गाडी वेगळी ठरवली. दोघांचे हितसंबंध वेगळे ठेवले की गाडी दुकानाकडे वळत नाही.

माहीम (धागा सुरू करणारी)

फार उपयोगी. 'दुकान नको' हे यादीत पहिले लिहिले. परदेशातील कोणी सांगेल का?

गोरेगाव

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसचे सांगतो. आम्ही सहा जण होतो आणि गाईड सकाळी हॉटेलवरच आली. तिने सर्वांत आधी आमच्या कपड्यांची तपासणी केली. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत, म्हणून माझ्या मेहुण्याला अर्धी विजार बदलायला पुन्हा खोलीवर जावे लागले. राजवाड्याच्या भिंतीजवळ एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने "आज समारंभ आहे, बंद आहे, दुसरे मंदिर दाखवतो" असे आम्हाला गोड शब्दांत सांगितले. तिने मान हलवली आणि चालत राहिली. राजवाडा अर्थात उघडा होता. एकटे असतो तर आम्ही रिक्षात बसलो असतो, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

हा राजवाडा 1782 मध्ये पहिल्या रामाने, म्हणजे त्या नावाच्या राजाने, नव्या राजधानीसोबत वसवला. बहुतेक लोक सोनेरी स्तूपांसमोर फोटो काढतात, पाचूच्या बुद्धाचे दर्शन घेतात आणि निघतात. ती मूर्ती फक्त 66 सेंटिमीटरची आहे आणि उंच आसनावर असल्याने आणखी लहान भासते. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांप्रमाणे तिचा पोशाख स्वतः राजा बदलतो, हे ऐकून माझ्या बायकोला आपल्याकडे देवाला घालतात ती थंडीतली शाल आठवली. गाईडने मात्र विचारले, "तुम्ही भारतीय आहात, मग रामायण क्रमाने पाहायचे का?" मंदिराभोवतीच्या ओवरीत रामकियनचे, म्हणजे थाई रामायणाचे, 178 भित्तिचित्रप्रसंग सलग रंगवलेले आहेत. नांगराच्या फाळाला सापडलेल्या सीतेपासून आम्ही सुरुवात केली.

पुढचे दोन तास मजेचे होते, कारण ती सांगत असलेली गोष्ट आम्हाला येत होती आणि येतही नव्हती. तिथल्या रावणाचे नाव तोत्सकान, म्हणजे दशकंठ. हे आम्ही ओळखले. पण तिथला मारुती ब्रह्मचारी नाही! सेतू बांधताना दगड पळवणारी सुवर्णमत्स्या ही रावणाची कन्या, हनुमान तिच्यावर भाळतो आणि त्यांना पुत्र होतो. माझी आई दर शनिवारी मारुतीला तेल घालणारी. तिने चित्राकडे पाठ केली. मग पाच पावलांवर थांबून विचारले, "तो मुलगा म्हणजे आपला मकरध्वज का रे?" गाईडला मकरध्वज ठाऊक नव्हता, तेव्हा आईने तिला तो सांगितला आणि मी भाषांतर केले. ऊन भयंकर होते आणि दरबाराची दालने आम्ही जवळजवळ धावत पाहिली. त्याचे वाईट वाटले नाही.

लालबाग

म्हैसूरबद्दल थोडक्यात. दुपारचा दौरा घ्या आणि दिवस रविवार निवडा, कारण रविवारी व सार्वजनिक सुट्ट्यांना संध्याकाळी राजवाड्यावरचे सुमारे 97,000 दिवे लावतात. जुना लाकडी राजवाडा 1897 मध्ये एका लग्नसमारंभात जळाला आणि हेन्री आयर्विन यांनी बांधलेला सध्याचा 1912 मध्ये पूर्ण झाला, हे कळल्यावर नव्या वाड्यातील ओतीव लोखंडी खांब केवळ शोभेचे वाटत नाहीत. मात्र सुट्टीच्या दिवशी शाळांच्या सहली असतात आणि गर्दीत गाईडचा आवाज ऐकू येत नाही. आमचे पैसे त्या अर्थाने निम्मेच वसूल झाले.

दादर

व्हर्सायला आम्ही मुलीकडे गेलो असताना गेलो. सोमवारी राजवाडा बंद असतो आणि मंगळवारी पॅरिसमधील लूव्र संग्रहालय बंद असल्यामुळे सगळे प्रवासी व्हर्सायला येतात. आम्ही नेमका मंगळवार घेतला. आरसेमहालात, जिथे 357 आरसे आहेत आणि जिथे 28 जून 1919 रोजी पहिल्या महायुद्धानंतरचा तह झाला, तिथे मला आरशांत दिसली ती फक्त माणसांची डोकी. दादर स्टेशनचा पूल बरा. पण राजाच्या खाजगी दालनांमध्ये गाईडशिवाय प्रवेशच नसतो, त्यामुळे तिथे मोजकीच माणसे होती. परदेशात जाऊन गाईडचे पैसे वसूल झाले ते त्या शांततेमुळे.

गिरगाव, नेत्रतज्ज्ञ

वर कोणी तंजावरचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. दिमाखाच्या दृष्टीने हा राजवाडा बाकीच्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. नायकांनी बांधलेला आणि भोसल्यांनी वाढवलेला, काही भाग पडके, चुन्याचे पापुद्रे निघालेले, आणि त्याच्या बाहेर शाळा, कचेऱ्या व रस्त्यावरची वर्दळ. माझ्या पत्नीने दारातच "एवढ्यासाठी इतक्या लांब?" असे विचारले होते.

गाईड तंजावरी मराठी घरातला निघाला. त्याची मराठी ऐकताना सुरुवातीला कान लावावा लागत होता, पण ती मराठीच होती, तीनशे वर्षे तमिळ शेजारात राहिलेली. त्याने आम्हाला दरबार हॉलमधील सरफोजीराजे दुसरे यांच्या पांढऱ्या संगमरवरी पुतळ्यासमोर उभे केले. पुतळा लंडनच्या फ्लॅक्समन यांनी घडवलेला, पण हात जोडलेले. नंतर सरस्वती महाल ग्रंथालयाकडे नेताना त्याने माझा व्यवसाय विचारला, आणि मी सांगितल्यावर तो थांबलाच. सरफोजींना नेत्रवैद्यकात रस होता आणि त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, या संग्रहात जपलेली आहेत, हे त्याने मला उभ्या उभ्या सांगितले. सरफोजी 1832 मध्ये वारले. म्हणजे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होण्यापूर्वी तेरा वर्षे.

मी रोज संध्याकाळी दवाखान्यात रुग्णाच्या कागदावर डोळ्याचे एक वर्तुळ काढतो, त्यात बुबुळ, आणि जिथे दोष असेल तिथे खूण करतो. त्या रुग्णटिपणांतील चित्रांची छापील प्रतिकृती त्याने आपल्या पिशवीतून काढून दाखवली, तेव्हा मला तेच वर्तुळ दिसले, फक्त माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. पुढचा अर्धा तास आम्ही तिथल्या पायरीवर बसून तो एक कागद पाहत होतो. घंटेच्या मनोऱ्यावर चढायचे राहिले, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा 1803 चा मराठी शिलालेखही दुसऱ्या दिवशी पाहिला. गाईडची वेळ संपून गेली होती. त्याला जादा पैसे देऊ केले तर त्याने ते घेतले, मोजले, आणि प्रतिकृती माझ्याकडून परत मागून पिशवीत ठेवली.