वहीला ५० रुपये तिकीट? कलाकेंद्राच्या पुढच्या कार्यक्रमांवरून चर्चा

गिरणाकाठ

आपल्या कलाकेंद्राचं दिवाळी ते आखाजीपर्यंतचं (अक्षय तृतीयेपर्यंतचं) पत्रक व्हॉट्सॲपवर फिरतंय, बहुतेकांनी पाहिलं असेल. ज्यांनी नाही पाहिलं त्यांच्यासाठी सांगतो, दिवाळीत पहाटेची शास्त्रीय गाण्याची बैठक, नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेला जळगाव केंद्रावर जाणाऱ्या आपल्या पोरांची रंगीत तालीम, डिसेंबरात फोटोंचं प्रदर्शन, संक्रांतीनंतर अहिराणी कविसंमेलन, होळीच्या आधी नवापूरकडची आदिवासी सोंगाड्या पार्टी आणि चैत्रात संध्याकाळी दोन तास वहीगायन, म्हणजे आपल्या खान्देशातली डफावरची लोकगाणी, तिलाच आपण नुसतं वही म्हणतो. सगळं त्या जुन्या जिनिंगच्या गोदामातच, १४० खुर्च्या.

तर बोंब कशावरून चाललीय, वहीला ५० रुपये तिकीट लावलं म्हणून. चौकात, पानटपरीवर, सगळीकडे एकच, "वहीले तिकीट? आते हाईच बाकी व्हतं."

माझं म्हणणं सरळ आहे, तिकीट पाहिजेच. दिवाळीच्या बैठकीला १५० रुपये लावलेत, त्यावर एक माणूस बोलला का? नाही. म्हणजे पुण्याहून गाडीने आलेला गवई तो कलाकार आणि पिकअपच्या हौद्यात बसून आलेला आपला वहीवाला तो काय मग, भाविक? त्याला नारळ टोपी द्या, जेवू घाला, शाल टाका खांद्यावर आणि करा रवाना. गेल्या वर्षी एका ठिकाणी (गावाचं नाव सांगत नाही) बारा जणांच्या मंडळाला दोन हजाराचं पाकीट दिलं होतं, त्यात गाडीभाडं त्यांचंच. मी तिथं होतो, पाकीट उघडून पाहणाऱ्या माणसाचं तोंड मला दिसलं म्हणून हे लिहितोय.

हिशोब करा. हॉल भरला तर ७००० येतात. गाडीचे दीड हजार गेले तरी माणशी साडेचारशे पडतात. फवारणीच्या रोजापेक्षा फार जास्त नाही ते, पण निदान मजुरी तरी आहे.

कळण्याची भाकरी

भाऊ, हिशोब बरोबर आहे तुमचा पण वस्तूच चुकलीय. बैठकीवर कोणी बोललं नाही कारण ती बैठक आमच्या अंगणात कधी नव्हतीच, ती विकत घ्यायचीच गोष्ट आहे आमच्यासाठी. वही आमच्या आजीच्या ओट्यासमोर व्हायची. कोणी नवस बोललेला असायचा, भाकरी झाल्या भांडी घासून झाली की बाया पोरांना काखेत मारून यायच्या, अर्धी पोरं तिथंच पोत्यावर झोपायची, आणि डफ वाजायला लागला की समोर बसलेले निम्मे लोक स्वतःच झील धरायचे, म्हणजे मागून सूर ओढायचे. गाणारा कोण आणि ऐकणारा कोण ते रात्री बारानंतर कळायचंच नाही. तिथं तिकीट कोणी कोणाला द्यायचं सांगा बरं?

आणि ५० रुपये तुम्हाला मला कमी वाटतात. आमच्या शेतातला सालदार (सालाने ठेवलेला गडी) बायको पोरं आई घेऊन आला तर अडीचशे झाले. तो दारावरूनच परत जाईल, आणि आत बसतील कोण तर मोबाईल वर करून शूटिंग काढणारे. वही ज्यांची आहे तेच बाहेर, मस्त.

वर दोन तास! अहो नमन होऊन रंग चढायलाच तास जातो.

हिशोबनीस

कोणीतरी काल म्हणत होतं की तिकीट लावलं की जीएसटी भरावा लागेल म्हणून समितीने भानगडीत पडू नये. तसं काही नाही, नाटक, संगीत, नृत्य अशा कार्यक्रमांना माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे. तिकीट नको असेल तर नको म्हणा, पण हे कारण सांगू नका.

जुना नाटकवाला

कळण्याची भाकरी ताई, तुमचं वाचून आमच्या वाड्यातली रात्र आठवली, खरंच. पण ती रात्र आता कायद्यातच बसत नाही त्याचं काय करता? ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. आणि "आमच्या डफाला माईक लागतच नाही" म्हणून सुटका नाही, पुढे तो नियम वाद्यांनाही लागू केला. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस गणपती नवरात्रातच वाटले जातात, चैत्रातल्या वहीसाठी कोण कलेक्टरकडे भांडणार? बंद सभागृहाला मात्र तो नियम आडवा येत नाही, आवाज आतल्या आत ठेवला म्हणजे झालं.

म्हणून मला विचाराल तर चौकातली वही मोठ्या आवाजाने डीजेनेच मारली, तक्रारी त्याच्यामुळे वाढल्या आणि पोलिसाची गाडी येते ती डफापाशी पण थांबते. आता उरलं ते गोदाम. गोदामाला लाईटबिल आहे, पत्रे गळतात, झाडायला माणूस लागतो. ते कोण देणार? तिकीटच ना.

भुसावळ डाऊन

कोण देणार म्हणजे? आपले भाऊसाहेब, दादासाहेब, भावी अमुक भावी तमुक कशाला आहेत 😄 एक बॅनर, त्यावर ४० फोटो, मधोमध वहीवाल्याचा फोटो पासपोर्ट साईझ. कार्यक्रम फुकट. दोन तासातला सव्वा तास सत्कार.

कळण्याची भाकरी

@भुसावळ डाऊन हे मात्र नको बाबा. त्यापेक्षा तिकीट परवडलं.

@जुना नाटकवाला, नियमाचं तुम्ही बोललात ते मला माहीत नव्हतं, वाद्यांचं तर नाहीच. मग गोदामात करा, माझी ना नाही. पण दारात तिकीट फाडणारा पोऱ्या उभा करू नका एवढंच, आत ताट फिरवा. आरतीत टाकतोच ना आपण? ज्याला जे जमेल ते टाकेल, सालदार दहा टाकेल आणि केळीच्या बागांचा मालक असलेला केळीवाला पाचशे टाकेल.

गिरणाकाठ

ताई, केळीवाला दहाच टाकेल. मी तीन वर्षं समितीत होतो, दानपेटी उघडताना हजर असायचो, त्यात काय काय निघतं ते इथं लिहीत नाही. ताटाच्या भरवशावर बारा माणसांना बोलावता येत नाही, आधी शब्द द्यावा लागतो की एवढे देऊ.

तोरणमाळ

चाळीस मेसेज झाले वहीवर, सोंगाड्या पार्टीवर एकानेही काही विचारलं नाही. पत्रकात तिला तिकीटच नाही, फुकट आहे, ते कोणाच्या लक्षात पण आलं नाही. मी नंदुरबारकडचा, म्हणून बोलतो. आमच्याकडच्या कलेचं नेहमी असंच, काठी गावच्या राजवाडी होळीला तुम्ही लोक रात्रभर जागायला येता, फोटो काढता, पण स्टेजवर बोलावलं की वीस मिनिटं, "आता आदिवासी नृत्य सादर होत आहे" म्हणायचं, मोरपिसं घालून नाचवायचं आणि खाली उतरवायचं. सोंगाड्या पार्टी म्हणजे नाच नाही भाऊ, ते नाटक आहे, त्यात गोष्ट असते, सोंगं असतात, टिंगल असते, आणि ती बोली गिरणाकाठच्या माणसाला पहिल्या झटक्यात कळणार नाही. सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं कोणी गोष्ट समजावून सांगणार आहे का? ते करा आणि मग ५० रुपये तिकीट त्यांनाही लावा. फुकट ठेवलं म्हणजे मान दिला असं नाही होत.

गिरणाकाठ

मान्य. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, पत्रकात सरळ सरळ चूक आहे ती.

पुण्यात अडकलेला

आम्हा बाहेर राहणाऱ्यांसाठी लाईव्ह करा ना प्लीज, ऑनलाईन पैसे भरायला तयार आहे. आणि एक, कविसंमेलन जानेवारीत ठेवताना जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाच्या तारखा बघून घ्या, तो पण जानेवारीतच असतो, ऐकणारी माणसं आपल्याकडे तीच तीच असतात.

भुसावळ डाऊन

लाईव्ह? गोदामात मोबाईलला एक कांडी येते, ती पण दाराजवळ.

फिल्म रोल

अवांतर होतंय पण राहवत नाही. फोटो प्रदर्शनाला पण तिकीट नको आणि फुकटही नको, वही ठेवा सहीची (ती दुसरी वही 😀) आणि बघणाऱ्याला दोन ओळी लिहायला लावा. आपल्याच पट्ट्यात चाळीसगावला केकी मूस होऊन गेले, वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता घरात बसून टेबल टॉप फोटोग्राफी (टेबलावर वस्तू मांडून काढलेले फोटो) केली माणसाने, १९८९ ला गेले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, आणि इथल्या किती जणांनी पाहिलंय खरं सांगा? पोरांचं प्रदर्शन लावण्याआधी सगळ्या पोरांना एकदा तिकडे घेऊन जा, पॅसेंजरने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

जुना नाटकवाला

काल रात्री मला सुचलं की आपण इतकं भांडतोय पण ज्यांची वही आहे त्यांना कोणी विचारलं का. म्हणून सकाळी मोटरसायकल काढली आणि मंडळाचे म्होरके आहेत त्या बाबांकडे गेलो, पंच्याहत्तरी पार केलेला माणूस, खळ्यात बसले होते. सरकारचं कलावंतांचं मानधन, ते आता महिना ५००० झालंय ना, त्याचा अर्ज भरलाय का विचारलं तर म्हणे कागद कमी पडला म्हणून परत आला, कार्यक्रम केल्याचे पुरावे मागतात. पन्नास वर्षं गाणाऱ्या माणसाकडे पुरावा काय असणार, पत्रकं कोणी छापली होती तेव्हा. (गिरणाकाठ, तुमचं ते पत्रक जपून ठेवा, तिकिटाचं पुस्तकही ठेवा, यांच्या कामाला येईल. तिकिटाच्या बाजूने हा मुद्दा आपल्यापैकी कोणाला सुचलाच नाही.)

मग तिकिटाचं काढलं. बाबा म्हणाले, "तिकीट लाई द्या, माले काय करनं. पन त्या खुर्च्या काढी टाका. खुर्चीवर बठेल मानूस झील धरत नही."

आणि अजून दोन गोष्टी. संध्याकाळी सहाला गाणार नाहीत, लोकांचं जेवणखाण झाल्यावर नऊला बसतील. आणि किती तास ते आधी सांगणार नाहीत.

कळण्याची भाकरी

बघा! जाजमच पाहिजे. खुर्च्या काढल्या तर १४० ऐवजी अडीचशे तीनशे माणूस मावेल, मग ५० चे २० करा आणि पोरांना फुकट, सालदार पण येईल.

हिशोबनीस

३०० गुणिले २०, सहा हजार. पोरं वजा केली तर पाच धरा. गाडीभाडं जाऊन साडेतीन. माणशी तीनशेच्या आत आले ताई.

गिरणाकाठ

मोठ्यांना ३०, आणि वर ताट पण फिरवा ताईंचं, बघू केळीवाला काय टाकतो ते. तीनशे माणसं आत घ्यायची तर दुसरं दार उघडावं लागेल, ते कित्येक वर्षं बंद आहे, कुलूप तोडावं लागेल. गुरुवारी समितीची बैठक आहे, नऊ वाजताचं मांडतो, सोंगाड्या पार्टीचं तिकीट पण मांडतो. "किती तास ते सांगणार नाही" यावर मात्र वॉचमन भांडणार.

भुसावळ डाऊन

वॉचमन वरखेडीचा आहे ना? त्याचा मामा त्याच मंडळात टाळ वाजवतो. तो नाही भांडत.

खुर्च्या काढायला कोण कोण येतंय, मी धरून तीन झाले.