सल्ला हवा: लंडनमध्ये मॉव्हवाल्या पर्किनचं काय काय बघता येईल? बजेट ४० पौंड

स्लाऊकर: नमस्कार मंडळी. बाबा आयुष्यभर डोंबिवली एमआयडीसीत डाइजच्या कंपनीत होते, सध्या आमच्याकडे आलेत. लंडन आय वगैरेत काडीचा रस नाही, मॉव्ह हा जांभळा कृत्रिम रंग शोधणाऱ्या विल्यम पर्किनचं काहीतरी दाखव म्हणतात. शनिवारचा एक दिवस आहे, दोघांचे मिळून ४० पौंड, गुडघे दुखतात म्हणून जिने कमी. कुठे नेऊ?

बेंझीनबाबा: पर्किन कशाला, फॅरेडे दाखवा! अल्बेमार्ल स्ट्रीट, रॉयल इन्स्टिट्यूशन, तळघरात म्युझियम आहे, फुकट. १८२५ साली बेंझीन वेगळं काढलं ते याने, त्यातूनच पुढे अ‍ॅनिलीन (रंग बनवायचा कच्चा माल) वगैरे. पर्किन शाळेत असताना याचीच लेक्चरं ऐकायला जायचा.

हॅरोची_मावशी: ते म्युझियम सोम ते शुक्र असतं, त्यांना शनिवारी जायचंय. प्रश्न तरी नीट वाचा.

भटक्या_राम: आम्ही पार कॉर्नवॉलात पेन्झान्सला गेलेलो, शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीचा पुतळा बघितला, समुद्रासमोर हॉटेल, दोन रात्री, काय सांगू! ४० पौंडात काय येतंय हो, आईवडिलांवर खर्च करताना हात आखडू नये.

स्लाऊकर: राम, पर्किन विचारलंय. आणि हात आखडलेला नाही, मॉर्गेज आहे.

केमिकल_लोच्या: सायन्स म्युझियम. तिकीट शून्य पण आधी बुक करा, लिफ्ट आहे. पर्किनच्या मूळ मॉव्हची बाटली त्यांच्या संग्रहात आहे, पण मांडलेली आहे का ते ईमेल टाकून विचारा, बहुतेक वस्तू गोदामात असतात. डबा घरून न्या.

घाई_नको: सायन्स म्युझियम +१. बाकी पर्किन म्हणजे चुकून लागलेली लॉटरी, एवढं काय त्यात.

रंगारी_वापी: लॉटरी?? १८५६ ची ईस्टरची सुट्टी, पोरगा १८ वर्षांचा, त्याचे कॉलेजातले हॉफमन सर गावाला गेलेले, हा घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन (मलेरियाचं औषध) बनवायला बसला. त्याऐवजी तपकिरी गाळ मिळाला, मग साधं अ‍ॅनिलीन घेऊन डायक्रोमेटबरोबर तेच केलं तर काळा गाळ. आपण फ्लास्क घासून ठेवला असता, याने गाळ स्पिरिटमध्ये टाकला आणि जांभळा उतरला. त्यात अ‍ॅनिलीन भेसळीचं, टोल्युइडीन होतं म्हणून रंग आला, प्युअर असतं तर बोंबला. आणि खरी मेहनत पुढेच आहे, सिल्कवर झकास चढतो पण कॉटनवर टॅनिनचं मॉर्डंट (रंग पक्का धरून ठेवणारं द्रव्य) दिल्याशिवाय बसत नाही, ते सगळं त्याने रंगाऱ्यांना शिकवलं. हॉफमन नको म्हणत असताना कॉलेज सोडलं, बापाने बिल्डरकीतला पैसा घातला. याला लॉटरी म्हणतात होय?

घाई_नको: पेटंट घेतलं ना पण. अठराव्या वर्षी मी एटीकेटीत होतो, असो.

बेंझीनबाबा: अलिझरीनच्या (लाल रंगाच्या) पेटंटमध्ये मात्र जर्मनांनी एका दिवसाने मागे टाकलं त्याला, १८६९. पेटंटचं काम उद्यावर टाकू नये.

हॅरोची_मावशी: भांडण झालं असेल तर बोलू? केबल स्ट्रीटला जिथे घर होतं तिथे निळी पाटी आहे, बस पाटीच, त्यासाठी शॅडवेलपर्यंत तंगडतोड करू नका. कारखाना ग्रीनफर्डला होता, कालव्याच्या काठी, १८५७ मध्ये सुरू झाला. तिथेही आता बघायला काही नाही, त्यापेक्षा सायन्स म्युझियमच बरं. शेवटी पर्किन हॅरोत पुरलाय, ख्राइस्ट चर्चच्या आवारात, आमच्याकडून जवळ. चहाला या.

भटक्या_राम: सायन्स म्युझियममध्ये शनिवारी पोरांची जत्रा असते. पेन्झान्सचा विचार करा.

स्लाऊकर: सगळ्यांचे आभार. धागा बाबांना वाचून दाखवला. म्युझियम कॅन्सल, "बाटलीत काय बघायचं, मी पिंपं बघितलीत" म्हणे. पाणी बघायला ग्रीनफर्डलाच जायचंय. जो रंग चालू असेल तसा कालवा दिसायचा असं कुठेतरी वाचलंय त्यांनी, आणि २०२० साली डोंबिवलीत रस्ता गुलाबी झाला होता त्याच्यावरून अजून धुसफुसतायत. स्लाऊहून वेस्ट ईलिंग, तिथून छोटी गाडी, जिने नाहीत ना कुणी सांगेल का?

हॅरोची_मावशी: गाडीच्या वेळा आदल्या रात्री बघा, आणि कालव्याकाठी चिखल असतो, बाबांना बूट घालायला लावा, चपला नको.

रंगारी_वापी: एफ्लुएंट (कारखान्याचं सांडपाणी) कुठे सोडायचे ते विचारून ठेवा, मलाही सांगा.