मदत हवी आहे: इंग्रजीत 'चल, बाहेर जाऊ' असं सहज कसं विचारायचं?

घाईत_आहे: शुक्रवारच्या आत हवंय. एका व्यक्तीला 'बाहेर येतेस का' असं विचारायचंय. 'आय वुड लाइक टू इन्व्हाइट यू' लिहून पाहिलं, लग्नपत्रिका वाटली. बोलण्यातली वाक्यं द्या, व्याकरण नको.

रिकामटेकडा: व्यक्ती म्हणजे कोण? मैत्रीण, साहेबीण, शेजारीण? तोंडी विचारणार की मेसेज?

शुद्धलेखनप्रेमी: 'वुड यू लाइक टू' शिकवलंय ना शाळेत? कुठेही चालतं, कोणी नावं ठेवत नाही.

बडबड्या: चालतं हो, पण रोजच्या ओळखीतला माणूस सावरून बसेल. मी सरळ 'वॉना ग्रॅब अ कॉफी?' म्हणतो. 'ग्रॅब'मुळे फार वेळ मोडणार नाही हे आपोआप कळतं. आणि नुसतं 'आर यू फ्री ऑन फ्रायडे?' विचारून थांबू नका. समोरच्याला वाटतं आता काम गळ्यात पडणार, मग तो आधीच बिझी होतो. बेत आणि प्रश्न एका दमात: 'आयॅम गेटिंग लंच, वॉना कम?'

शुद्धलेखनप्रेमी: 'वॉना' लिहिलेलं मला बघवत नाही.

बडबड्या: मग लिहू नका, बोला.

दूरदेशी: देश कुठला? ब्रिटिश लोक 'फॅन्सी अ कॉफी?' म्हणतात, अमेरिकनाच्या तोंडी ते नाटकी वाटतं. अमेरिकेतली तरुण मंडळी 'यू डाउन?' विचारतात, ऑस्ट्रेलियात 'यू कीन?', म्हणजे 'येणार का?'. 'अप फॉर अ कॉफी?' ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे खपतं.

सहज_आलो: नकार द्यायचा असेल तर 'कॅन आय टेक अ रेन चेक?' म्हणा, म्हणजे 'आत्ता नको, पुन्हा कधीतरी'. मूळ बेसबॉलचं आहे. पावसाने सामना थांबला की प्रेक्षकांना पुन्हा यायचं तिकीट मिळायचं, ते रेन चेक.

घाईत_आहे: अहो, मला नकार द्यायचाच नाहीये!! ऑफिसातली सहकारी आहे, ब्रिटिश. आजवर फक्त कॉलवर बोललोय, शुक्रवारी येतेय. टीममधले आम्ही चौघं जेवायला जाणार आहोत, तिलाही न्यायचंय. मेसेजच करणार.

रिकामटेकडा: चौघं! आणि आम्ही इथे कॉफी पाजतोय. आधी नाही का सांगायचं?

दूरदेशी: मग 'अ फ्यू ऑफ अस आर गोइंग फॉर डिनर ऑन फ्रायडे, फॅन्सी जॉइनिंग अस?' असं लिहा. 'अ फ्यू ऑफ अस' आधी आलं की गैरसमजाला जागाच नाही. 'गो आउट विथ मी' चुकूनही नको, ते थेट डेटचं होतं.

बडबड्या: शेवटी 'नो वरीज इफ नॉट' जोडा. प्रवासाने थकली असेल तर सुटका सोपी.

शुद्धलेखनप्रेमी: 'वी शुड ऑल गेट डिनर समटाइम' जास्त शालीन नाही का?

दूरदेशी: शालीन आहे, पण त्यावर कोणी जेवायला येत नाही. वार-वेळ नसलेलं 'समटाइम' म्हणजे आपलं 'या कधीतरी घरी'.

सहज_आलो: बिल कोण देणार ते आधीच ठरवा. तुम्ही देणार असाल तर 'इट्स ऑन मी', नाहीतर 'लेट्स स्प्लिट इट'. मागे एका ग्रूपमध्ये यावरून...

घाईत_आहे: बिल कंपनीचं आहे. दूरदेशी, तुमचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. 'साउंड्स लव्हली, व्हॉट टाइम?' आलंय. वेळ अजून आमच्या चौघांचीच ठरलेली नाही.